दोन्ही बैल उजवे

शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. तेवढ्यात गुरुजींनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली, की बोलताना 'मले' म्हणायचं तर म्हणा, लिहिताना 'मला' लिहा. म्हणून इथं मी 'मला' लिहितो आहे. बोलणं ज्याचं त्याचं जसं होतं तसंच ठेवलं आहे. बाकी शुद्ध-अशुद्ध ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. मला बैलाबद्दल सांगायचं आहे, आणि आमच्या गावात माझ्यापेक्षा जास्त बैल कोणाला समजत असतील तर त्यानं समोर येऊन बसावं.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अंगाला. तीन बाजूंनी जंगल, एका बाजूला धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. पावसाळ्यात त्यात चिखल करायचा, मग बाया येऊन धानाची रोपं लावतात. रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतो आणि लावण्याला रोवणी. पूर्वी हा चिखल सगळे बैलांनी करायचे, आता ट्रॅक्टरनं करतात. ट्रॅक्टर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो लवकर येतो, लवकर जातो आणि जाताना धुरा फोडून जातो, एवढंच म्हणतो.

माझ्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जोडी होती. एक कबरा आणि एक त्याचा जोडीदार. दोघांनाही मीच औताला लावलेलं. कबरा उजवा, जोडीदार डावा.

ज्यांना बैल ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जुवाला दोन बैल लागतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. बैल लहान असताना त्याला पहिल्यांदा ज्या बाजूला जुंपलं ती त्याची जन्माची बाजू. आमच्याकडे चिखल करताना डावीकडे वळत वळत गोल फिरतात. वळणावर डावा बैल जागच्या जागी पाय हलवतो आणि उजवा मोठा फेरा घेतो. हे बैलाच्या पायात बसतं. बैलाला बाजू निवडायला कोणी सांगत नाही. जुन्या बैलाशेजारी जी जागा रिकामी असेल तिथं त्याला लावतात, आणि मग तो जन्मभर उजवा किंवा डावा. आपण त्याची वेसण घालतो, त्याला खच्ची करतो, हे सगळ्यांना दिसतं. पण बाजूसुद्धा आपणच त्याच्या अंगात घालतो, हे बैलवाल्यांच्याही ध्यानात राहत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कबऱ्याचा जोडीदार वाघानं नेला. नाल्यात एका डोहापुरतंच पाणी उरलं होतं. बैलालाही तेच पाणी, वाघालाही तेच. वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, फोटो काढून गेली. गावातले लोक वाघाला शिव्या देत होते. मी नाही दिल्या. देऊन तो ऐकणार होता का?

त्यानंतर कबऱ्याचं एक वेगळंच सुरू झालं. गव्हाणीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकलं की तो आपल्या उजव्या अर्ध्यातलंच खायचा. डावीकडचं तसंच. सगळी गव्हाण त्याची होती, अडवणारं कोणी नव्हतं. माझी बायको रोज संध्याकाळी ते उरलेलं तणस हातानं उजवीकडे सरकवायची, मग तो तेही खायचा.

"त्याच्या वाट्याचं ठेवून राह्यला तो," ती म्हणायची.

"जनावर हाय. सवय असते," मी म्हणायचो.

"मंग? आपल्याले काय असते?"

माझा मुलगा बल्लारपूरला कारखान्यात जातो, मोटारसायकलनं. मुलगा कामाचा आहे, मनाचा साफ आहे, फक्त बापासारखा हट्टी आहे. त्यानं एक दिवस जेवताना विषय काढला.

"बाबा, एका बैलानं काय होते? यंदा ट्रॅक्टर सांगून देतो. कबऱ्याले देऊन टाकू कोनाले."

"त्याले जोडीदार आनतो मी."

"अन् नाई जमलं तं?"

"नाई जमलं तं तुहा ट्रॅक्टर आन. अन् दोनी बैल तूच ने बाजारात."

हे मी बोलून गेलो. त्यानं हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, "बोलले तं बोलले. मागून फिरू नका."

"मी कवा फिरलो?"

"तेच तं म्हनून राह्यलो मी," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

कबरा म्हातारा होता. म्हाताऱ्या, एकट्या बैलाला बाजारात कोण शेतकरी घेतो? नंतर त्याचं काय होतं ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. म्हणजे माझ्या त्या एका बोलण्यानं कबरा पणाला लागला होता.  बायकोनं माझ्या ताटात भाजी वाढली, ती नेहमीपेक्षा जरा जोरानं.

मग वैनगंगेपलीकडच्या बैलबाजारात गेलो. तिथं माझा एक जुना दोस्त बसतो, मुसलमान आहे, बैलांना नाल ठोकतो. त्याचे आजेही तेच करायचे. तो सोबत फिरला. माझ्या नजरेत एक तांबडा बैल भरला. दात चांगले, खूर घट्ट, वशिंड सरळ, अंगावर कुठं वाईट भोवरा नाही, आणि डोळा शांत. डोळ्याकडे मी फार पाहतो.

"भाऊ, पूछ तो लो, कोनत्या बाजूचा हाय," नालबंद म्हणाला.

"बैल पाहून मले समजते."

"अरे, पर विचारायले काय जाते?"

"बाजारात विचारलं का समोरच्याले समजते, गिऱ्हाईक कच्चं हाय. डावा हाय तो. दिसते."

दिसत होतंच तसं. विकणाऱ्यानं दोन बैल शेजारी शेजारी बांधले होते आणि तांबडा डाव्या हाताला उभा होता. मला डावाच पाहिजे होता. नालबंदानं माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे पाहिलं आणि बिडी पेटवली. "चलो, तुमचा बैल, तुमची जबान," म्हणाला.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, चूक झाली. मी तसं म्हणत नाही. विकणाऱ्यानं बैल चुकीच्या बाजूला बांधला होता.

घरी आणून बंडीला जुंपला. कबरा उजवीकडे, तांबडा डावीकडे. गल्लीतून निघालो तर तांबडा सारखा उजवीकडे दाबू लागला. कबऱ्याच्या खांद्यावर खांदा घालून ढकलायचा. बंडी सरळ जाईना. मारुतीच्या देवळापुढं दोन्ही बैल गल्लीत आडवे होऊन उभे राहिले. ओट्यावर चारजण बसले होते.

"काऊन भाऊ, बैलाले शिकवून राह्यले का नाचवून राह्यले?"

"तुह्या पोराच्या लग्नात नाचवतो. पयले पोरगी तं पाह," मी म्हणालो. तेवढ्यावर ते हसत बसले आणि मी बैल सोडून हातानं घरी आणले.

पावसाळा लागला. पऱ्हे उगवले, मोठे होऊ लागले. मी रोज सकाळी जोडी बांधीत न्यायचो. तांबडा ताकदीचा होता, पण वळण आलं की त्याचं बिघडायचं. जागेवर थांबायचं सोडून तो मोठा फेरा घ्यायला निघायचा, कबराही त्याच्या सवयीनं मोठा फेरा घ्यायला निघायचा, आणि दोघं मिळून मला आणि नांगराला सरळ धुऱ्यावर नेऊन उभे करायचे. मी कासरा आखूड केला. मी पुढं चालून पाहिलं. मी गोड बोलून पाहिलं. एकदा तुतारी मारलीसुद्धा. माझ्या तुतारीला टोकाला खिळा नाही, नुसती काठी. तरी मारली ती मारली. फटका तांबड्याच्या पुठ्ठ्यावर बसला आणि कातडी थरथरली कबऱ्याची. तांबडा तसाच उभा. त्यानंतर तुतारी धुऱ्यावर फेकली आणि यंदा पुन्हा हातात घेतली नाही.

घरी आलो तर बायको कोठ्यात होती.

"तो उजवा हाय," ती म्हणाली.

"कोन म्हनते?"

"तोच म्हनते. मी डावीकडं बांधतो तं तो तोंड घालत नाई गव्हानीत. दावं जरा लांब सोडलं का कबऱ्याच्या उजव्या अंगाले घुसते अन् मंग खाते. रोजचं पाहून राह्यली मी."

"नवा हाय. जागा शोधून राह्यला."

"जागा त्याले सापडली हाय. तुमालेच सापडून नाई राह्यली."

मी हातपाय धुवायला निघून गेलो. ती म्हणत होती ते मला आधीच दिसलं होतं, वळणावर त्याचे पाय पाहून. पण ते तोंडानं म्हटलं असतं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं. दोन उजवे बैल म्हणजे जोडी नाही. नुसते दोन बैल. म्हणजे मुलाचा ट्रॅक्टर आला आणि कबरा बाजारात गेला. तांबडा तरणा, त्याला कोणी घेऊन गेलं असतं. आणि म्हातारा बैल बाजू बदलत नाही, हे तर मला पक्कं माहीत होतं. माहीत म्हणजे काय, माझा बाप तसं म्हणायचा. मी कधी करून पाहिलं नव्हतं.

एका बांधीचाही चिखल धड झाला नव्हता आणि पऱ्हे लावायला आले. आणखी थांबलो असतो तर ते जुने होऊन पिवळे पडले असते. रोवणीच्या बाया गावात पाळीनं येतात. एकाची बांधी तयार नसली तर त्या दुसऱ्याच्या बांधीत जातात, मग पुन्हा कधी येतील त्यांनाही सांगता येत नाही. आमची पाळी जवळ आली. मुलानं कामावरून येऊन डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि दारातूनच विचारलं.

"झालं का बाबा?"

"होऊन राह्यलं."

"मी ट्रॅक्टरवाल्याले परवाचं सांगून आलो. तोपर्यंत झालं तं त्याले नाई म्हनतो."

बोलताना त्यानं कोठ्याकडे पाहिलं नाही. कबऱ्याला लहानपणी त्यानंही चारलं होतं. मला तेव्हा समजलं की त्याचंही मन होत नाही, पण दोघंही बोलून बसलो होतो आणि दोघंही एकाच घरचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच, बायकोनं रोजच्यासारखे बैल बाहेर काढायच्या आत, कोठ्यात गेलो, आणि दारातच उभा राहिलो. कबरा डावीकडे उभा होता. त्याच्या जोडीदाराच्या जागेवर, जिथलं तणस त्यानं उन्हाळाभर तोंडात घेतलं नव्हतं, तिथं उभा राहून तो तणस खात होता. उजवीकडे तांबडा. दोघांच्या मध्ये सुपाएवढी जागा. कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

बायको मागून शेणाची पाटी घेऊन आली.

"हे कोनं केलं?" मी विचारलं.

"कोनं करते? काही दिवसापासून मी दावंच बांधून नाई राह्यली दोघाईले. दार लावून घेतो अन् म्हनतो, राहा बाप्पा जिथी रायचं तिथी. पयले लई ढकलाढकली केली. मंग कबऱ्यानंच सोडून देली त्याले जागा. काल सांजेपासून असाच उभा हाय."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी आयकून राह्यले होते का?"

मी दोघांना सोडलं आणि बांधीवर नेलं. जू ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कबऱ्याला डाव्या हाताला जुंपलं. हात त्याच्या मानेखाली जोतं बांधत होते, पण हातांना ते ओळखीचं वाटत नव्हतं, जसं दुसऱ्याच्या घरात आपण पाण्याचा माठ शोधतो तसं. बायकोही आली होती. ती धुऱ्यावर न्याहारीचं गाठोडं घेऊन बसली. मला वाटलं हसायला आली आहे.

सरळ तर दोघं चांगले गेले. वळण आलं. तांबडा मोठ्या फेऱ्याला निघाला, त्याची बाजूच होती ती. कबऱ्यानं सवयीनं पाय उचलला, तोही फेऱ्याला. मी कासरा ओढला नाही. का ओढला नाही ते मला सांगता येणार नाही. कबऱ्याचा पाय वरच राहिला. अनोळखी घाटावर उतरताना माणूस पाण्याखालची पायरी चाचपतो, तसा तो पाय त्यानं हवेत धरला. मग जिथून उचलला होता तिथंच परत ठेवला. तांबडा त्याच्याभोवती फिरून आला. जोडी वळली.

मी मागं वळून धुऱ्याकडे पाहिलं नाही. पण हसण्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या वळणाला त्यानं पुन्हा पाय उचलला, पण थोडाच. दुपारपर्यंत उचलणं थांबलं. मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. लहानपणी मीच त्याला उजवा केला होता, महिनाभर घाम गाळून, ओरडून, गूळ चारून. डावा तो स्वतःच झाला. कोणासाठी झाला? मुलाच्या ट्रॅक्टरचं त्याला माहीत नव्हतं. बाजाराचंही माहीत नव्हतं. शेजारचा नवा बैल उपाशी राहतो आहे एवढंच त्याला दिसलं असेल, नाहीतर ढकलाढकलीचा कंटाळा आला असेल. मला बैल समजतात, पण त्याच्या मनातलं सगळं समजतं असं मी म्हणणार नाही. जे म्हणतात त्यांनी बैल पाळलेले नसतात.

संध्याकाळी मुलगा मोटारसायकल उभी करून कामाच्या कपड्यातच बांधीवर आला. धुऱ्यावर उभा राहून त्यानं दोन-तीन फेरे पाहिले.

"बाबा, कबरा डावीकडं हाय."

"मले दिसते."

"मंग?"

"मंग काय? फोन लाव त्या ट्रॅक्टरवाल्याले."

त्यानं तिथंच फोन काढला. "नाई भाऊ, उद्या येऊ नका. हो, बैलानंच होऊन राह्यलं. नाई, खरंच." मग पँट गुडघ्याच्या वर गुंडाळून तो बांधीत उतरला आणि म्हणाला, "द्या इकडं, तुमी बसा थोडं." पुष्कळ वर्षांनी त्यानं नांगर धरला. त्याच्या नांगराचा तास वाकडा जात होता. मी सांगितलं नाही. बायको म्हणाली, "सांगा ना त्याले." मी म्हटलं, "बैल सांगते."

बाया आल्या त्या दिवशी बांध्या तयार होत्या. रोवणी झाली. पऱ्हे हिरवे होते तसेच लागले.

रोवणीनंतर पोळा येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकतो. जुवानं खांद्याला घट्टे पडतात, त्यांना हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानानं चोळायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. कबऱ्याच्या मानेवर दरवर्षीचा जुना घट्टा होता, लाकडासारखा. त्याच्या दुसऱ्या अंगाला, जिथं डाव्या बाजूचं जोतं घासतं, तिथं यंदा नवीन लाल जागा होती. तिथं लोणी जरा जास्त लावलं. त्यानं मान लांब करून माझ्या खांद्यावर ठेवली. जड असते बैलाची मान. तरी उभा राहिलो.

पोळ्याला सगळ्या जोड्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहिल्या. यंदा रांग लहानच होती. नालबंद मुद्दाम आला होता पोळा पाहायला. त्यानं माझी जोडी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि त्याच्या मिशीत हसू आलं.

"काय भाऊ, तुमचा कबरा तं उजवा होता. अन् तो डावा, बाजारातला, तो उजवीकडं कसा?"

आजूबाजूचे कान टवकारून उभे राहिले. देवळाच्या ओट्यावरचे चौघंही होतेच.

"माह्या कबऱ्याले दोनी बाजू येते," मी म्हणालो. "तुह्या पाहन्यात हाय का दुसरा असा बैल? असन तं सांग, पाहाले येतो."

"नाई बाप्पा," तो म्हणाला. "बैल तं बहुत पाहिले. दोनी बाजू येनारा हाच. मालक मात्र एकाच बाजूचा हाय."

लोक हसले. मीही हसलो, कारण त्यात मला चुकीचं काही वाटलं नाही.

तोरण तुटलं, जोड्या घरी आल्या. दारात बायको ताट घेऊन उभी होती. आमच्या घरी बापाच्या वेळेपासून रीत आहे, पहिला टिक्का उजव्या बैलाला, पहिला घास उजव्या बैलाला. कबऱ्याला कधी दुसऱ्या नंबरानं खाण्याची सवय नाही. ती ताट घेऊन तांबड्यापुढं गेली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"उजव्याले पयले ना?"

मुलगाही पाहत होता.

"आपल्या घरी डाव्याले पयले," मी म्हणालो.

"कवापासून?"

"आतापासून."

तिनं कबऱ्याच्या कपाळाला टिक्का लावला, पुरणाची पोळी त्याच्या तोंडापुढं धरली. त्यानं ती एका घासात ओढून घेतली आणि ताटातल्या दुसरीकडं तोंड नेलं. ती तांबड्याची होती. तांबड्यानं जिभेनं नाक चाटलं आणि वाट पाहत उभा राहिला.

"पाहा," बायको म्हणाली, "बैलानं बाजू बदलवली. तुमाले मागच्या वर्सी खाटेचं तोंड फिरवा म्हनलं तं चार रात्री झोपले नाई तुमी."

"मी बैल नाई," मी म्हणालो.

"नाईच तं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तांबड्यासाठी दुसरी पोळी घेऊन आली.